काचेआडच्या चकत्या

मित्रांनो, मी शाळेतलं एक जुनं कपाट आहे. मला काच आहे आणि मोठं कुलूपही आहे.

सुताराने मला हौसेने घडवलं. फळ्या मुद्दाम खाली बसवल्या. "पोरांचे हात पोचले पाहिजेत," म्हणाला. बिचाऱ्याला शाळांचा अनुभव नव्हता.

माझ्या पोटात अपूर्णांक शिकवायच्या लाकडी चकत्या आहेत. कुठली दोन भागांत कापलेली, कुठली तीन, कुठली चार. माझ्या डोक्यावर तीन शिक्षणतज्ज्ञांच्या तसबिरी आहेत. मूल हाताने शिकतं, असं तिघांनीही जन्मभर सांगितलं. शाळेला ते फार पटलं. रोज सकाळी मोठे सर विचारायचे, "मूल कशाने शिकतं?" आणि अख्खा वर्ग हाताची घडी घालून ओरडायचा, "हातानेऽऽ!"

त्या वर्गात शिंप्याची धाकटी लेक होती. अपूर्णांक काही केल्या तिच्या डोक्यात शिरेनात. यंदा नापास झाली, तर पुन्हा याच वर्गात बसावं लागणार होतं.

"बाई, त्या चकत्या एकदाच हातात द्या ना," ती म्हणाली.

बाई किल्ली मागायला गेल्या.

"अहो बाई, तपासणी तोंडावर आलीय!" मोठे सर म्हणाले. "एखादा तुकडा हरवला तर काय साहेबांना तुमची बांगडी दाखवू?"

तपासणीचे साहेब आले आणि त्यांनी नेमकं तिलाच उभं केलं.

"तिसरा हिस्सा मोठा की चौथा?"

"चौथा. तिनापेक्षा चार मोठे ना, साहेब."

वर्ग फिदीफिदी हसला. उत्तर तिच्यापासून वीतभर अंतरावर, माझ्या पोटात पडलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मला तोंड लपवायचं होतं, पण काचेच्या कपाटाने ते लपवावं कुठे? लाजेने माझं पॉलिश सुटलं. मोठे सर म्हणाले, हवा दमट आहे.

साहेबांनी चकत्या तपासल्या. "वा! जशाच्या तशा! याला म्हणतात शिक्षणावरची निष्ठा!"

शाळेला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते माझ्याच काचेवर चिकटवलं, बरोबर चकत्यांसमोर. शिंप्याची लेक नापास झाली. ती याच वर्गात बसते, आणि आता तिला चकत्या दिसतही नाहीत.

मित्रांनो, वस्तू जपा, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? माझी विनवणी उलटी आहे. माझं कुलूप तोडा. चकत्या हाताळा, झिजवा, दोन-चार खुशाल हरवा. पण पहिली चकती त्या पोरीच्या हातात द्या. आणि जरा लवकर करा. मोठे सर पुन्हा तपासणीच्या तयारीला लागलेत.