साडेदहाची ओळ

दुसऱ्याच्या केसपेपरमध्ये डोकं घालायची मला खोडच आहे. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होते. शेवटची काही वर्षं तर फवारणीचं औषध प्यालेल्यांची पोटं धुण्यातच गेली. दोन हजार सहा साली रिटायर झाले, तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. कसलं काय! अकोल्याच्या जठारपेठेतल्या माझ्या घरी लोक प्लास्टिकच्या पिशव्यांत कागद घेऊन येऊ लागले. ऑपरेशननंतर घरचं माणूस गेलेलं असायचं आणि नक्की झालं काय, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असायचं. नीलम सिस्टर कागद वाचतात आणि कोणाच्या बापाला भीत नाहीत, असं माझं नाव झालं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

तेल्हाऱ्याचे गयासुद्दीनभाई असेच आले. त्यांचं गाद्यांचं दुकान. त्यांच्या बायकोची, बिल्कीसची, गर्भपिशवी अकोल्यातल्या एका खाजगी दवाखान्यात काढली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. सोबत त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी शाइस्ता होती. खुर्ची रिकामी असून ती दाराशी जमिनीवर बसली आणि बापाने तिला वर बस म्हटलं नाही. इथे खटला डॉक्टरवर नाही, पोरीवर चालला आहे, हे माझ्या लगेच ध्यानात आलं.

कागदही तेच सांगत होता. रात्री साडेदहाला मुलीने मनाई असताना पाणी पाजलं, पेशंटला ठसका लागला, अशी नोंद होती. डॉक्टरांनी बापाला हीच ओळ दाखवली होती. पाणी छातीत गेलं, आम्ही काय करणार, असं म्हणाले होते. शाइस्ताचं म्हणणं, पाणी दिलं ते पहाटे तीननंतर, तेही दोन घोट. दोन महिने बाप तिच्याशी बोलत नव्हता, तिच्या हातचं जेवत नव्हता.

"मले एवढंच सांगा बाई," गयासुद्दीनभाई म्हणाले, "हे पोट्टी खरं बोलून राहिली का खोटं."

मी कागद पुढे-मागे केले. अकरापासून बीपी दर तासाला उतरत गेलं होतं. आत रक्तस्राव होत असणार, पाण्याने असं होत नाही, असं मी सांगून पाहिलं. पण उतरण साडेदहानंतरची, म्हणजे पाण्यानंतरची. त्यांना ते पटेना. मला मात्र त्या ओळीचंच कुतूहल लागलं. दहा आणि अकराच्या नोंदींमधल्या फटीत ती अंग चोरून बसली होती. झेरॉक्समध्ये सगळंच काळं, अक्षराचं वळणही धड कळेना. मूळ कागद पाहिल्याशिवाय मला चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. रेकॉर्ड सांभाळायला पुंजाराम होता, तो पूर्वी माझ्याच वॉर्डात कामाला. नक्कल दिली ना, मूळ फाइल दाखवता येत नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, आम्ही हात लावत नाही, तूच धर आणि तूच पानं उलट. बिचारा जुन्या धाकाने उठला.

पान उघडलं आणि मला हसू आलं, संतापाचं. आम्हा सिस्टर लोकांची रीत असते. दिवसपाळीच्या नोंदी निळ्या शाईत, रातपाळीच्या लाल. दहाची नोंद लाल, अकराची लाल, बाराची लाल. एकला डॉक्टरांना फोन केला, लाल. दोनला पुन्हा फोन केला, येतो म्हणाले, तेही लाल. साडेदहाची ओळ तेवढी निळी, आणि अक्षरही दुसऱ्याच कोणाचं.

फोनसुद्धा लिहून ठेवणाऱ्या रातपाळीच्या त्या अनोळखी सिस्टरचं मला कौतुक वाटलं. मी गयासुद्दीनभाईंना सगळं समजावलं. ही ओळ त्या रात्री लिहिलेलीच नाही, दिवस उजाडल्यावर कोणीतरी मध्ये घुसवली. लाल अक्षरं मात्र सांगताहेत, की बाई रात्रभर खचत होती, सिस्टरने दोनदा फोन केला, आणि कोणी आलं नाही. पुंजारामला मी त्या पानाची रंगीत झेरॉक्स काढून शिक्का मारायला सांगितलं आणि तिथेच बाकावर तक्रारीचा अर्ज लिहायला घेतला.

गयासुद्दीनभाईंचं अर्जाकडे लक्ष नव्हतं. घरी ते उर्दू बोलत, पण आज मीही ऐकावं म्हणून की काय, वऱ्हाडीतच त्यांनी पोरीला विचारलं, "तीनले तिनं सोताहून मांगतलं पानी?"

"हो अब्बा. दोन घोट पेली. मंग माहा हात धरून राहिली."

ते उठून तिच्याजवळ गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि माझं लिहिणं थांबलं.

"बरं केलं बेटा," ते म्हणाले. "प्यासी नाई गेली तुही अम्मी."