नवरी कुणाच्या गाडीत?

भिका आणि दत्तू सख्खे भाऊ, पण सख्य मात्र विळ्या-भोपळ्याचं. एकाने उगवती म्हटली की दुसऱ्याने मावळतीकडे बोट दाखवायचं, हे ठरलेलंच. थोरला भिका द्राक्षं परदेशी पाठवून मातबर झालेला. धाकट्या दत्तूचं नाशकात द्वारका चौकाजवळ गॅरेज. दोघांच्या मध्ये बहीण लताबाई, सायखेड्याला दिलेली आणि लवकर नवरा गेलेली. तिच्या वैष्णवीचं लग्न २००९ च्या मे महिन्यात निघालं, आणि दोन्ही मामांना ऊत आला.

नवरीला मांडवात मामाने आणायचं आणि मंगलाष्टकं चालू असताना तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही रीत. इथे मामा दोन आणि नवरी एक.

दत्तूच्या मनाने हा प्रश्नच नव्हता. वैष्णवी कॉलेजची तीन वर्षं त्याच्या घरी राहिली होती. तिला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी बसला तो दत्तू. परीक्षेच्या सकाळी त्याच्या लाल पालिओच्या मागच्या सीटवर पुस्तकं पसरून ती शेवटची उजळणी करायची आणि दत्तू खड्डे चुकवत गाडी हाकायचा. तेव्हा हा भिका कुठे होता? पोरीची इयत्ता तरी ठाऊक होती का त्याला? आणि आता थोरलेपणाचा हक्क सांगत निघालाय! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

हळदीच्या दुपारी भिकाने सगळ्या पाहुण्यांसमोर तोंड उघडलं.

"तुझ्या त्या लाल डब्यात नवरी बसवतो का? माझी हायब्रीड हाय. पेट्रोल अन बॅटरी, दोन्हीवर. अख्ख्या तालुक्यात दुसरी नाय."

"बॅटरी लागते कारण इंजिनात दम नाय," दत्तू म्हणाला. "सिग्नलला उभी राहिली की मरते तुझी गाडी. माझी सोळाशे सीसीची हाय, दादा. एक्सलेटर दाबला की तू आरशात."

"बोलाचीच कढी!"

"मग बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर. उद्या सकाळी शिलापूरच्या पुढं, सरळ रस्त्यावर."

लताबाईने कपाळावर हात मारला. पण सोयऱ्यांसमोर तमाशा नको म्हणून तिने एकदाचं सांगून टाकलं, "जो जिंकंल त्यानं नवरी आणावी, त्यानंच पाठीशी उभं राहावं. दुसऱ्यानं गुमान लग्नाच्या लॉन्सवर जाऊन पाहुणे बघावेत. पण माझ्या दारात भांडू नका."

दुसऱ्या दिवशी उजाडताच दत्तू गॅरेजात शिरला. गाडी जेवढी हलकी तेवढी उचलते चांगली, हे त्याला पाठ होतं. त्याने स्टेपनी काढली, जॅक काढला, मॅट काढल्या, जे जे काढता येईल ते ते काढून कोपऱ्यात फेकलं. प्रत्येक वस्तू फेकताना त्याला भिकाचं तोंड दिसत होतं. थोरल्याने आयुष्यभर त्याला 'फिटर' म्हणून हिणवलं होतं. आज त्या फिटरची करामत दाखवायची होती.

औरंगाबाद रोडवर शिलापूरच्या पुढे दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या. भिकाची पांढरी गाडी थांबली आणि तिचं इंजिन आपोआप बंद झालं. दत्तूची लाल गाडी गुरगुरत होती.

"मेली बघ!" दत्तू खिडकीतून ओरडला आणि मोठ्यांदा हसला.

तो हसत असतानाच भिकाने ब्रेकवरचा पाय उचलला. पांढरी गाडी आवाज न करता सरकली आणि बघता बघता गाडीभर पुढे गेली. दत्तूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने क्लच सोडला, चाकं किंचाळली, पहिला गिअर, मग दुसरा, आणि मोकळी झालेली पालिओ अशी उसळली की तिसरा पडायच्या आत भिका मागे राहिला. ठरलेल्या बाभळीपाशी पांढरी गाडी आरशात एवढीशी दिसत होती. दत्तू एकटाच गाडीत बोंबलला. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

तो हॉर्न वाजवतच सायखेड्यात शिरला. दारात वैष्णवी शालू नेसून, मुंडावळ्या बांधून तयार उभी होती. शेजारी करवली, हातात दिवा.

"चल बाई! तुझा मामा जिंकला!" म्हणत दत्तूने मागचं दार उघडलं.

आत सीट नव्हती. नुसता उघडा पत्रा होता, त्यावर दोन नट घरंगळत होते.

वैष्णवी पत्र्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरले.

"मामा, मी कुठं बसू?"

सीट द्वारकेला गॅरेजच्या कोपऱ्यात पडली होती, आणि मुहूर्त तासावर आला होता.

"पुढं बस की," तो कसाबसा म्हणाला.

"अन करवली काय टपावर बसवू?" लताबाई कडाडली. "पोरीला न्यायला आलास का भावाला हरवायला?"

तेवढ्यात पांढरी गाडी दारात येऊन थांबली. हरल्यावर भिकाने खरं तर लॉन्सवर जायचं होतं.

"म्या मागं होतो ना," भिका हसत म्हणाला. "तुझ्या मागच्या काचेतून बघतो तर सीटच नाय, पार पुढचा रस्ता दिसला. तवाच म्हटलं, चला सायखेड्याला. बस पोरी."

दत्तूला त्याचा गळा धरावासा वाटला. पण वैष्णवी करवलीला घेऊन निमूट पांढऱ्या गाडीत बसली. तिने वळून पाहिलं नाही, आणि ते भिकाच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

दत्तूही आपल्या गाडीत बसायला निघाला, तर लताबाईने त्याला अडवलं. रुखवताचा टेम्पो आधीच भरला होता आणि ओसरीवर बरंच सामान उरलं होतं.

"रिकामी हाय ना? मग हे घाल. अन हळू हाक, काचेच्या बरण्या हायेत."

लाडवांच्या परड्या, चिवड्याच्या बरण्या आणि पुठ्ठ्याचं छोटं घर घेऊन तालुक्यातली सगळ्यात चपळ गाडी बैलगाडीच्या चालीने निघाली. जरा वेग घेतला की मागे बरण्या खणखणायच्या. वाटेत एका ट्रॅक्टरने त्याला मागे टाकलं.

तो लॉन्सच्या फाटकात पोहोचला तेव्हा शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. दत्तू बरण्या कवटाळून तसाच मांडवाकडे धावला. अंतरपाटामागे वैष्णवी मान खाली घालून उभी होती आणि तिच्या पाठीशी भिका, फेटा बांधून.

'सावधान' झालं. चहूकडून अक्षता उडाल्या. दत्तूच्या दोन्ही हातांत बरण्या होत्या, अक्षता टाकायला हात मोकळा नव्हता.