थाप माझी, शब्द दुसऱ्याचा

मी डफली. बोलते खरी, पण कुणी थाप मारली तरच. आज मात्र न मारताच बोलणार आहे, कारण माझा जळफळाट झालाय.

ज्याने मला घडवलं त्याने लाकडी कड्यावर कातडं ताणलं, कान लावला आणि म्हणाला, "आवाज मोकळा आहे." मग वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमनी मला विकत घेतलं. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या, एक आरसा आणि खुंटीवर मी. ज्यांची बोली अडते ते तिथे येतात. मॅडम मला त्यांच्या मांडीवर ठेवतात आणि शब्दाच्या एकेका तुकड्याला एकेक थाप मारायला लावतात. मार मी खायचा आणि ओठ सुधारले की लोक हसून बघणार आरशाकडे! तेव्हापासूनच तो मेला माझ्या डोळ्यांत खुपतो.

एके दिवशी रेडिओवरच्या निवेदिकाबाई आल्या, सोबत त्यांचे यजमान. अर्धांगाच्या झटक्यातून बाई उठल्या होत्या, पण जोडाक्षर आलं की जीभ लटपटायची. 'श्रोते'चे 'शोते' व्हायचे, 'पुस्तक'चं 'पुतक'. रेडिओवर त्यांच्या जागी आता एक नवी मुलगी बातम्या वाचत होती.

"रोज सकाळी ऐकते तिला," बाई सावकाश म्हणाल्या. "नुसती खडाखड. जीव नाही आवाजात."

अगं बाई, या तर माझ्यासारख्याच जळतायत! मी बाईंना तिथेच आपलं मानलं.

यजमान पाट्या रंगवणारे. मॅडमनी मला बाईंच्या मांडीवर ठेवलं, तोच यजमानांनी वाकून पु, स्त, क अशा तीन थापा मारल्या. बाई मधल्या थापेवर अडकल्या.

"तीन नाही, दोन," मॅडम म्हणाल्या. "पुस्. तक. तुम्ही लिहिलेलं मोजताय, तोंड वेगळं मोजतं."

"म्हणजे आयुष्यभर मी एक अक्षर फुकट रंगवलं?"

"बरं, 'शब्द' घ्या. त्यात किती?"

"दोन!"

"एक..." मॅडम स्वतःच घुटमळल्या. "पण तो 'द' जरा रेंगाळतो. दीड म्हणा."

"दीड थाप मारायची कशी?" यजमानांनी एक थाप मारली आणि वर बोटाची टिचकी दिली. दोघंही खो खो हसायला लागले. मोठमोठ्या शहाण्यांचंही यावर एकमत नाही, असं मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, आता निवाडा माझ्याकडेच येणार. माझ्याइतके शब्द मोजलेत कुणी?

"तुमी भांडा," बाई म्हणाल्या. "मी बोलते."

त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवलं. डाव्या हाताने यजमानांचा तळहात ओढून घेतला, त्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, "पुस्तक."

अख्खं! 'स' आणि 'त' एकमेकांना धरून बाहेर आले. यजमानांच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. आणि मी? इतके दिवस मार माझ्या कातड्यावर, आणि शब्द फुटला त्या रंगाने माखलेल्या पंज्यावर! आरसा बरा होता म्हणायची वेळ आली.

पुढे रेडिओवाल्यांनी बाईंची परीक्षा घेतली. सकाळच्या बातम्या त्या नव्या मुलीकडेच राहिल्या. बाईंना मिळाला दुपारचा, आधी ध्वनिमुद्रित करायचा कार्यक्रम. तिथे अडलं तर थांबता येतं.

"तिचा राग येतो अजून," बाई मॅडमना म्हणाल्या. "पण काम सोडणार नाही मी."

काल मॅडमनी तो कार्यक्रम लावला. "श्रोतेहो..." आवाज भरदार होता आणि त्याखाली कसलीशी हलकी टकटक. मॅडम हसल्या. "टेबलावर ताल धरतायत बघा!"

म्हणजे आता टेबल!

आज एक आजोबा आलेत. अजून एक अक्षरही बोललेले नाहीत. मॅडम, ऐका ना, पहिली थाप माझ्यावरच पडू द्या. मग त्यांनी खुशाल वाटेल त्याच्या हातावर बोलावं. छे, 'खुशाल' काही माझ्याने म्हणवत नाही.