चार बोटं गॅस

मी सीताबाईंच्या गोठ्यामागची टाकी बोलतेय. नाकाला रुमाल लावू नका, आधी ऐका तरी. गोबर गॅस म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात आणि त्याच गॅसवरचा चहा दोन-दोन कप पितात. माणसाची ही जात मी चांगली ओळखून आहे.

माझा जन्म १९९४ सालचा, शिरोली एमआयडीसीतल्या एका शेडमधला. पत्रा वाकवला, वेल्डिंग केलं, काळा रंग फासला. उपडं ठेवलेलं भलंमोठं पातेलं म्हणा हवं तर. हुपरीजवळच्या एका मळ्यात विटांचा खोल खड्डा बांधून त्यात शेण-पाण्याचा काला भरला होता. त्यावर मला पालथी घातली. काल्यातले बारीक जीव शेण खातात, गॅस सोडतात, तो माझ्या पोटात साठला की मी वर उचलली जाते. वापरला की खाली बसते. मी किती वर आहे यावरून सीताबाईंकडं आज पुरणपोळी की नुसता भात, हे शेजारच्या रत्नव्वाला कुंपणापलीकडून कळायचं.

मला आणलं सीताबाईंच्या मुलानं, जिनेंद्रनं. तो तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. पंधरवडा समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर, पंधरवडा घरी. घरी आला तरी समुद्र काही त्याच्या अंगातून उतरायचा नाही. त्यानं माझ्या पाइपला दाबाचं घड्याळ बसवलं आणि माझ्या अंगावर लाल अक्षरांत 'धूम्रपान निषिद्ध' असं लिहून टाकलं. ज्या जैन घरात बटाटासुद्धा शिजत नाही, तिथं विडी कोण ओढणार होतं देव जाणे.

सीताबाईंना मी आधी नको होते. "शेणातलं जीव मरत्यात का न्हाई त्यात?"

"मरत न्हाईत आई, जगत्यात. आपण त्यांना खायला घालायचं, त्यांनी गॅस द्यायचा. तुझ्या चुलीत लाकडातल्या मुंग्या जळत्यात त्याचं काय?"

हे मात्र सीताबाईंना लागलं. जन्मभर त्या प्रत्येक लाकूड आपटून, झाडून चुलीत घालत आल्या होत्या. तरी एखादी मुंगी राहायचीच.

"आणि तुझं ते तेल कशाचं असतंय?" त्यांनी विचारलं.

"कोट्यवधी वर्षांमागं मेलेल्या जीवांचं."

"म्हंजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोस की रं तू!"

रूपाली, त्याची बायको, पदर तोंडाला लावून हसली. जिनेंद्र मात्र हसला नाही. आपल्या तेलविहिरींचा दाब दरवर्षी उतरतोय हे तो डोळ्यांनी बघत होता. पृथ्वीनं इतकी वर्षं शिजवलेलं आपण एका दुपारी फुंकून टाकतो, असं तो म्हणायचा. त्याच्या बहिणीचे यजमान जयपालदाजी उसाचे बागायतदार. त्यांना हे ऐकलं की जांभई यायची. "तेल संपायला लई वर्षं हाईत की. तुला कसली घाई?"

घाई होतीच त्याला. मी जरा नीट चालू लागले तशी त्यानं पहारीनं चूल फोडली आणि सिलिंडर बहिणीला देऊन टाकला. म्हणाला, "आता मागं बघायचं न्हाई." मला तेव्हा फार ऐट आली होती, खोटं कशाला बोलू!

पुढच्या वर्षी पर्युषणात सीताबाईंनी दहा उपवास धरले. दहा दिवस नुसतं उकळलेलं पाणी. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जाऊन त्यांनी नियमही घेतला: पारणं करीन ते जिवांना न जाळणाऱ्या माझ्या घरच्या गॅसवरच करीन. लेकाचं एवढं कौतुक त्यांनी तोंडानं कधी केलं नव्हतं. पारण्याला पै-पाहुणे येणार म्हणून जिनेंद्र रजा काढून आला आणि आल्याआल्या गोठ्याकडं वळला. प्लॅटफॉर्मवर तेलाचा थेंब सांडला तरी पुसायची सवय. गोठ्याला वास येतो म्हणून त्यानं रूपालीकडून फिनेलची बाटली मागून घेतली आणि अख्खा गोठा चकाचक धुतला. ते पाणी नालीतून सरळ माझ्या खड्ड्यात आलं. मला पहिल्याच घोटाला कळलं. पण टाकीचं कोण ऐकतंय?

पारण्याच्या सकाळी मी खाली बसलेली. शेगडीत नुसती भुकभुक. जिनेंद्रनं व्हॉल्व्ह उघडला, मिटला, सांध्यांना साबणाचा फेस लावून बघितला, पाना घेऊन उगाच दोन नट आवळले. सीताबाई भिंतीला धरत धरत आल्या आणि त्यांनी वास घेतला.

"फिनेल?"

"थोडंसंच, आई."

"जिनू, मारलास की रं सगळ्यांना!"

त्या तिथंच पायरीवर बसल्या. रत्नव्वा धावत आली. "माझी चूल पेटलीया सीताबाई, आणा भांडं इकडं."

"नियम म्हंजे नियम. आज न्हाई झालं तर उद्या बघू."

"आत्याबाई, दहा दिवस झालं पोटात अन्न न्हाई तुमच्या," रूपाली रडवेली झाली. उद्यावर ढकललं म्हणजे आज अकरावा उपवास. आणि मेलेले जीव उद्यापर्यंत थोडेच परत येणार होते? जिनेंद्रचा चेहरा पांढराफटक पडला. मला त्याचा राग आला होता, पण तेव्हा कीवही आली.

तेवढ्यात जयपालदाजी म्हणाले, "गॅस अजिबात न्हाई व्हय?"

"हाय. चार बोटं असंल. पण दाबच न्हाई."

"मग दाब की वरनं!"

ते चेष्टेनं बोलले होते. पण दाब ही गोष्ट जिनेंद्रला बरोब्बर कळत होती. तो टुणकन माझ्यावर चढला. पाठोपाठ दाजींना ओढून घेतलं. दाजी चढले आणि मी करकरले. मग शेतावरचा ज्ञानू, मग पांढऱ्या धोतरातले दोन मामा. पाच जण माझ्या डोक्यावर उकिडवे.

स्वयंपाकघरातून रूपाली ओरडली, "पेटला! निळा पेटला!"

"मूग शिजायला किती वेळ?" दाजींनी विचारलं.

"गप बसा! तुम्ही हलला की जाळ नाचतोय!" आतून रूपालीनं दटावलं.

मी जीव खाऊन धरून ठेवला तो गॅस. एक बोट, अर्धं बोट. मुगाचं पाणी उकळलं, निवलं आणि सीताबाईंनी ते ओंजळीत घेऊन पारणं केलं. घरात सगळे जमले. बघायला मिळालं नाही ते फक्त टाकीवरच्या पाच जणांना, कारण खाली उतरायचं त्यांना सांगायलाच सगळे विसरले.

संध्याकाळी सीताबाई लेकाला म्हणाल्या, "समुद्राखालचं मेलेलं हाय. तू महिनाभर न्हाई गेलास तरी ते थांबतंय. हे जित्तं हाय बाबा. ह्याला रोज खायला लागतंय, आणि असलं फिनेलचं इख चालत न्हाई."

मग खड्डा उपसला. दुसऱ्या गावच्या चालू खड्ड्यातला काला विरजणासारखा आणून घातला आणि काही आठवड्यांनी मी पुन्हा वर आले. तोवर जिनेंद्रनं स्वतःच्या हातानं नवी चूल घातली होती. तिच्यावर फुंकर मारताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि दाजी दारात उभे राहून मजा बघायचे.

आता २००८ साल आहे. मला गंज चढला. माझ्या जागी फायबरची टाकी आली आणि मी उताणी पडून म्हशींना पाणी पाजते. जिनेंद्र अजून तेलातच आहे. पण कोल्हापुरात भाषणं देतो. सांगतो, नवं आणा, पण ते उभं राहीपर्यंत जुनं मोडू नका. बरोबरच सांगतो. तेवढं 'आमच्या पहिल्या संयंत्रात जैविक असंतुलन झालं' असं काहीतरी म्हणतो. अहो साहेब, फिनेल म्हणा की!

आणखी एक गोष्ट तो भाषणात सांगत नाही, ती मी सांगते आणि तुमचा निरोप घेते. पारण्याच्या दुसऱ्या दिवशी क्षमावणी होती. वर्षभरात ज्या जिवाला दुखवलं त्याची क्षमा मागायचा दिवस. पाहुणे एकमेकांपुढं हात जोडत होते. सीताबाई जिनेंद्रला दंडाला धरून माझ्यापाशी घेऊन आल्या. त्यानं इकडंतिकडं बघत हात जोडले आणि पुटपुटला, "उत्तम क्षमा."

"मोठ्यानं म्हण. बारकी हायत ती, ऐकू जायाला नको?"

मग तेलाच्या कंपनीचा तो इंजिनिअर जयपालदाजींच्या देखत, शेणाच्या खड्ड्यासमोर, गोठा दणाणेल असा ओरडला, "उत्तम क्षमा!"

खाली ऐकायला कुणी उरलं नव्हतं. मी ऐकलं, आणि त्यांच्या वतीनं करून टाकली क्षमा.