मेणाचं डोकं

सायबिणीच्या, म्हणजे आमच्या मरियामातेच्या, सणाला मेणाचं डोकं वाहीन, असा नवस मी सत्त्याऐंशी साली बोलले, तो एका यंत्रासाठी. हसू नका.

आमचे फर्डिनंड गोखिवऱ्याच्या एका लहान कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे. तो मधेच अडायचा. पडद्यावरची अक्षरं जागच्या जागी थिजायची आणि कुठलंही बटण दाबलं तरी हूं की चूं नाही. मग बंद करून पुन्हा चालू करायचा, की सगळं काम पहिल्यापासून. शेवटी मालकांनी तो आमच्याच घरी पाठवला, वर निरोप, की नाताळापर्यंत दुरुस्त झाला नाही तर दुसरा माणूस बघतो. हे रोज त्याचं पोट उघडून बसायचे, आतली कार्डं उपसून त्यांच्या कडा खोडरबराने पुसायचे, एकेक चिप बोटाने दाबून बसवायचे; तरी तो अडायचाच.

“लक्षात ठेवणारा भागच बिघडलाय बहुतेक,” हे म्हणाले. “आता तुझ्या सायबिणीलाच विचार.”

आमच्यात पाय दुखला तर मेणाचा पाय वाहतात, घर व्हावं म्हणून मेणाचं घर. पण मेणवाल्या सालोमीकडे कॉम्प्युटर कुठला असणार? मी डोकं मागितलं.

“पुरुषाचं देऊ की बाईचं?”

“यंत्राचं आहे गं.”

“मग मिशी काढून देऊ काय?” ती खदखदून हसली.

“दे पुरुषाचंच.”

डोकं वाहिलं आणि यंत्र सुधारलं. ते कारखान्यात परत गेलं, ह्यांची नोकरी राहिली. मी देवळात आभाराची मिस्साही सांगितली.

मग एका दुपारी जेवताना हे म्हणाले, “आग्नेस, कालवणात...” आणि थांबले. घास हातात, डोळे उघडे. मी खांदा हलवला, तेव्हा पापण्या लवल्या. “आग्नेस, कालवणात कोकम टाकलं नाहीस?” अगदी पहिल्यापासून. मला हसूच आलं.

पुढच्या वेळी थांबून सावरले, ते भर दुपारी सकाळची कॉफी मागू लागले. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मग एकदा विचारलं, “आईचा ताप उतरला का?” सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. उतरला म्हटलं.

गेल्या रविवारी माळ हातात घेऊन तेर्सची प्रार्थना म्हणताना ‘नमो मरिया’च्या मध्यावर थांबले. सावरल्यावर उठून उभे राहिले, सदरा नीट केला आणि माझ्याकडे धड न पाहता म्हणाले, “तुमचे वडील आहेत का घरात? मी फर्डिनंड. नायगावहून आलोय.”

“वाडीत गेलेत,” मी म्हटलं. “बसा, येतीलच.”

तेव्हापासून ते पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसतात. मी पाणी देते, ते लाजून ‘तुम्ही कशाला त्रास घेता’ म्हणतात. दोघांच्या घरात मला नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही.

कारखान्यातले लोक सांगतात, यंत्र त्यानंतर एकदाही अडलेलं नाही. सायबीण ऐकते, माझा भरवसा आहे; यंदाचा नवस मी बोललेही आहे. तुम्ही सणाला जाल, तेव्हा माझ्यासाठी तुम्हीही बोला. ते यंत्र एकदा तरी अडू दे, एवढंच मागा. पण लवकर मागा. आता पुढच्या खेपेला थांबले, की ते माझी ओळख व्हायच्याही आधीचे असतील.