झिपरं झुडूप

गल्लीत सगळे त्यांना ब्रेकताई म्हणत. गाडी शिकवता शिकवता त्या 'ब्रेक! ब्रेक!' असं इतक्या जोरात ओरडायच्या, की शेजारून जाणारा सायकलवालासुद्धा गपकन थांबायचा. नवरा अगदी उलट. सलूनवाला माणूस, बोलणं कमी, हात सतत चालू.

घरापुढच्या हिरवळीनं पाणी पिऊन पिऊन नाकी नऊ आणले, तेव्हा ताईंनी ती उपटूनच टाकली आणि रोपवाटिकेतून राखाडी पानांचं एक झुडूप आणलं. शहराबाहेरच्या वाळवंटात आपसूक उगवणारं.

"खत नको, लाड नकोत," रोपवाटिकेतल्या बाईंनी बजावलं होतं. "मूळ धरेपर्यंत अधूनमधून पाणी द्या, मग विसरून जा. पाखरं, फुलपाखरं आपली आपण येतील."

ताई विसरल्या. नवरा कसला विसरतोय! त्याला ते झुडूप म्हणजे वर्षानुवर्षं केस न कापलेलं गिऱ्हाईक वाटायचं. एका सुट्टीच्या दिवशी ताई बाहेरून येतात तो काय, झुडपाचा गोल गरगरीत चेंडू झालेला.

"कसं दिसतंय?" नवऱ्यानं कौतुकानं विचारलं.

"लष्करात भरती झाल्यासारखं!" ताई कडाडल्या.

फुलं यायची शेंड्यांवर, आणि शेंडे पडले होते केराच्या टोपलीत. त्या वर्षी एक फूल आलं नाही की एक फुलपाखरू फिरकलं नाही. नवरा मनातून खजील झाला. पुन्हा हात लावणार नाही, असा त्यानं आपणहून शब्द दिला आणि पाळलाही. फक्त येता-जाता झुडपाकडे पाठ करून चालायचा.

पुढच्या उन्हाळ्यात झुडूप हवं तसं फोफावलं आणि पिवळ्या फुलांनी भरून गेलं. मधमाश्यांची नुसती झुंबड! ताई हरखून गेल्या. नेमक्या तेव्हाच नणंदबाई मुक्कामाला आल्या. फाटकातून आत येताना त्यांची ओढणी फांदीला अडकली.

"काय रे," त्या भावाला म्हणाल्या, "जगाची डोकी नीटनेटकी करतोस आणि स्वतःच्या दारात हे झिपरं?"

भावाच्या अगदी वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी ताई शिकवायला गेल्या आणि त्यानं कात्री काढली.

ताई परतल्या तर नवरा झुडपासमोर स्टुलावर पुतळ्यासारखा बसलेला, कात्री मांडीवर. ताईंचा पारा चढला.

"अहो! शब्द दिला होतात ना—"

"ब्रेक!" तो कुजबुजला. "हळू बोल. आत बघ."

ताई वाकल्या. काटक्यांच्या गुंत्यात ओंजळीएवढं घरटं होतं आणि त्यातून इवल्या चोची आ वासून वर आल्या होत्या. फांदीवर एक चिमुकला पक्षी तोंडात अळी धरून ताटकळत होता. ही माणसं कधी हलतात, याची वाट बघत असणार.

"एक फांदी वाकवली आणि हे दिसलं," नवरा म्हणाला. "अगं, न बघता कात्री चालवली असती तर..."

ताईंचा राग कुठल्या कुठे पळाला. त्यांनी त्याच्या मांडीवरची कात्री उचलली, त्याचा हात धरला आणि दोघं पाऊल न वाजवता मागे सरकली.

खिडकीत नणंदबाई वर्तमानपत्राची सुरळी घेऊन उभ्या होत्या.

"मांजर आलं होतं मघाशी," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "पिटाळलं मी. आणि ह्याची कात्रीही मीच थांबवली हो!"

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं ओठ दाबून हसू आवरलं.

पिल्लं उडून जाईपर्यंत नणंदबाईंनी खिडकी सोडली नाही. चहासुद्धा तिथेच. सगळी उडाली तेव्हा त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आता घर कसं ओकंओकं वाटतंय. मागच्या अंगणातही एक लावा की."

भाऊ तोवर कुदळ घेऊन निघालासुद्धा होता.