दुश्मन पाहिजे

टेंभुर्णीच्या धर्मराजला पिस्तूल हवं होतं, आणि त्यामागे कुणाचा जीव घ्यायचा विचार अजिबात नव्हता. त्याला ते लेकीच्या लग्नात कमरेला लावायचं होतं.

लेक तृप्ती. तिची सोयरीक राजूरच्या आदिनाथरावांच्या घरी जमली होती. आदिनाथराव प्लॉटिंगचा धंदा करत आणि परवान्याचं पिस्तूल बाळगत. साखरपुड्याला आले तेव्हा सदरा त्यांनी असा खोचला होता की, पाया पडणाऱ्याला पायांच्या आधी पिस्तूल दिसावं. धर्मराजचं खत-बियाण्यांचं दुकान जोरात चाललं होतं, घरावर दुसरा मजला चढला होता. पण त्या दिवशी नवरीच्या बापाकडे कुणी पाहिलं असं काही घडलं नाही. फोटोतसुद्धा तो पिस्तुलाच्या बाजूला आला. लगोलग त्याने परवान्याचा अर्ज टाकला. अर्ज भरणाऱ्याने कारण घातलं, 'जिवाला धोका'. सगळे तेच घालतात, म्हणाला.

मग लॉकडाऊन लागला. लग्न पुढे गेलं, आणि शेवटी पन्नास माणसांत उरकायचं ठरलं. धर्मराजला उलट बरंच वाटलं. हजार माणसांत कंबर हरवते, पन्नासांत हरवत नाही. त्याने शहरातल्या बंदूकवाल्या खुर्शीदभाईंना फोन लावला.

"दुकान चालू हाय का, भाई?"

"आधं शटर चालू हाय. मास्क अन् सॅनिटायझर विकून राह्यलो."

"अन् पिस्तूल?"

"हाय ना. परवाना आना, पिस्तूल न्या. परवान्याबिगर त्याचं कव्हरबी दाखवनार न्हाई. मास्क किती पाठवू?"

चौकशीला हवालदार शिवाजीराव आले. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले, मास्क हनुवटीवर घेऊन चहा प्याले आणि मास्क पुन्हा जागेवर नेला.

"धोका कोनापासून हाय?"

"हाय की. तसा सगळीकडूनच."

"सगळीकडून म्हंजे कुनाकडूनच न्हाई. नाव सांगा."

धर्मराजने जरा विचार केला. "सध्या तर कोरोनापासूनच हाय, साहेब."

"त्याला गोळी लागत न्हाई," शिवाजीराव म्हणाले. "धमकी दिली का कुनी? साधी तक्रार तरी? तोंडी धोका चालत न्हाई, धर्मराजभाऊ. बाकी तुमचं सगळं बराबर हाय, फकस्त दुश्मन कमी पडून राह्यला. थोडे दिवस थांबतो मी. सापडला तर कळवा."

ते गेल्यावर धर्मराज मनातल्या मनात गावभर घरोघर फिरून आला. बायको वंदना शेजारी मेथी निवडत होती.

"हरिओमशी आपलं बोलनं बंद होतं ना?" त्याने विचारलं.

"त्याच्या नातवाच्या बारशाला तुमीच पेढे घेऊन गेल्ते."

"मंग तौफिक? ट्रॅक्टरवरून काहीतरी झाल्तं."

"तो सकाळी तुमच्या आधी तुमचा पेपर वाचतो. अहो, तुमच्यावर गोळी वाया घालवीन असा मानूस आनायचा कुठून?"

ती हे कौतुकाने म्हणाली की कसं, ते धर्मराजला कळलं नाही. पण उभ्या आयुष्यात सरळ वागल्याचा त्याला पहिल्यांदाच पस्तावा झाला.

शेवटी चुलतभाऊ रखमाजी आठवला. दोघांच्या बापांनी शेताच्या बांधावरून मरेपर्यंत कोर्ट खेळलं होतं. पोरांच्या वाट्याला जमिनीबरोबर भांडणही आलं, पण त्यांनी ते नीट सांभाळलं नाही. लॉकडाऊनमध्ये तर दोघं रोज गोठ्यामागे पत्ते खेळत. पानं पिसता पिसता धर्मराजने विषय काढला.

"भाऊ, मला एक धमकी पाहिजे."

रखमाजीने हातातली पानं लावणं थांबवलं नाही. "कसली?"

"जिवाची. चारचौघांत."

"हातपाय मोडीन म्हनलं तर?"

"हातापायावर परवाना मिळत न्हाई."

"जिवाचं बोलनं जड जाईन मला, धर्मा. घरात पोरीचं लगीन हाय."

"तिच्या लग्नासाठीच तर बोलायचंय."

हे रखमाजीला पटलं. "विषय कोनता धरू?"

"बांध धर. जुना हाय, लोकं लगेच मानतीन."

ठरलं ते असं, की रखमाजीने ओरडायचं, धर्मराजने मान खाली घालून ऐकायचं आणि तसंच उठून तक्रार द्यायला जायचं.

जागा रेशन दुकानासमोरची निवडली. तिथे चुन्याच्या गोलांत माणसं आधीच अंतर ठेवून उभी असत, साक्षीदार गोळा करायचा त्रास नव्हता. रखमाजीने सुरुवात केली ती शाळेतल्या पोराने कविता म्हणावी तशी. "धर्मराज. तू बांध कोरला. मी तुझा जीव घेईन."

"ऐकू येऊन न्हाई राह्यलं," रांगेतून कुणीतरी म्हणालं. "मास्क काढ की."

रखमाजीने मास्क काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या खेपेला आवाज लागला. आवाज लागल्यावर मजकूरही सुचत गेला. "तू कशाला कोरतो, तुझ्या बापानं कोरला. चोरासारखा कोरला. मेला तेव्हाबी त्याच्या नखात आमच्या बांधाची माती होती."

हे ठरलं नव्हतं. धर्मराजची खाली घातलेली मान वर आली.

"बापाचं नाव घेशीन तर उभा चिरीन तुला," तो म्हणाला, "अन् त्याच बांधावर पुरीन. वर तूर लावीन."

आणि तो तिथेच थांबला नाही. धर्मराजच्या तोंडात एवढं सामान आहे हे गावाला ठाऊकच नव्हतं. नीट ऐकता यावं म्हणून माणसं आपापले गोल सोडून जवळ आली, आणि ती गर्दी हटवायला शिवाजीराव मोटरसायकलवरून उतरले.

त्यांनी दोघांवर चॅप्टर केस केली. म्हणजे दोघांनी तहसीलदारांपुढे उभं राहून वर्षभर शांत राहण्याचा बाँड लिहून द्यायचा.

"पन साहेब, धमकी त्यानं दिली," धर्मराज म्हणाला.

"त्यानं नुसतं जीव घेईन म्हनलं. तुमी चिरायचं कसं, पुरायचं कुठं, वर पीक कोनतं घ्यायचं, तेबी सांगितलं."

परवाना नामंजूर झाला. अर्जदाराच्या हाती शस्त्र देणं गावाच्या शांततेला धोक्याचं आहे, असा शेरा पडला.

तहसीलमधून परतताना एका गाडीवर दोघांना मनाई होती, म्हणून भाऊ दोन गाड्यांवर शेजारी-शेजारी आले.

"उभा चिरायचं ठरलं नव्हतं, धर्मा."

"नखातली मातीबी ठरली नव्हती."

"ते आमचा बाप म्हनायचा."

"चिरायचं आमचा म्हनायचा."

लग्न दारातच लागलं. पन्नासांत रखमाजी होता. वाढप्यांच्या हाताला घाई नाही म्हणून भात स्वतःच वाढत होता. आदिनाथराव पिस्तुलासकट आले. आजवर ते धर्मराजशी जेवण झालं का, याच्या पलीकडे बोलले नव्हते. अक्षता पडल्यावर त्यांनी त्याला पाण्याच्या टाकीमागे नेलं.

"पाव्हणे, तुमचं प्रकरण राजूरला कळलं."

"किरकोळ हाय."

"माझ्या रोडवरच्या प्लॉटवर एकजण टपरी टाकून बसलाय. दोनदा जाऊन आलो."

"हे लावून?" धर्मराजने त्यांच्या कमरेकडे पाहिलं.

"लावूनच. दोन्ही वेळा त्यानं चहा पाजला." आदिनाथरावांनी आवाज खाली आणला. "तुमी येऊन जरा ते चिरायचं बोलला असता तर."

धर्मराजने फेटा सारखा केला. असं त्याला याआधी कुणी काही मागितलं नव्हतं.

"आलो असतो," तो म्हणाला, "पन बाँडवर हाय."

"अन् तुमचे भाऊ?"

"तेबी बाँडवर हायेत. वर्ष सरू द्या. अन् न्यायला येताना आधी फोन करा."